तीन आठवड्यांची रजा

आमच्या बँकेत सलग तीन आठवडे रजा मागितली, तर साहेब आधी चष्मा काढतात आणि मग विचारतात, "घरी कुणी आजारी आहे का?" अमेरिकेतल्या हर्क हार्वे नावाच्या गृहस्थाने अशीच रजा काढली आणि तेवढ्यात सिनेमा उरकला! कॅन्सस राज्यात लॉरेन्स गावी हा माणूस शाळा-कारखान्यांसाठी माहितीपट काढणाऱ्या कंपनीत नोकरीला. कॅलिफोर्नियाहून मोटारीने परतताना सॉल्ट लेकच्या काठी त्याला सॉल्टएअरचा ओसाड नाचमहाल दिसला, तो काही डोक्यातून जाईना. गोष्ट लिहिली कचेरीतल्याच जॉन क्लिफर्डने. खर्च सुमारे ३३ हजार डॉलर. हाच १९६२ सालचा 'कार्निव्हल ऑफ सोल्स'. त्यातल्या पांढऱ्याफटक भुताचे काम हार्वेने स्वतःच केले. आम्हा बी.कॉम. मंडळींना हे फार आवडते. एक पगार वाचला.

मोटार पुलावरून नदीत कोसळते. तिघींपैकी मेरी तेवढी चिखलातून वर येते. बरोबरच्या दोघी गेल्या, पण ही रडत नाही. दूरच्या गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी धरते. एके दिवशी कपड्यांच्या दुकानात जगाचा आवाजच बंद पडतो. विक्रेतीला ती दिसत नाही, तिचे बोलणे कुणाला ऐकू जात नाही. मग बागेत झाडाला हात लावते, पाखरे किलबिलतात आणि जग पुन्हा सुरू होते.

इथे मी सिनेमा थांबवला. हिला म्हटले, चहा टाक. खरे कारण निराळे. वडील गेल्यावर चौदाव्या दिवशी मी काउंटरवर बसलो होतो. समोरच्या आजोबांचे ओठ हलत होते, पासबुक पुढे सरकत होते, आवाज मात्र नाही. शेजारच्याने धाडकन शिक्का मारला, तेव्हा कुठे ऐकू आले, "अहो, व्याज चढवताय ना?"

सिनेमात दोष आहेत. शेजारच्या खोलीतला लोचट भाडेकरू फारच ताणलाय, आणि मेरीचे मन उलगडून सांगणारा डॉक्टर नसता तरी चालले असते. न सांगताच कळत होते की! पण आवाज बंद करायला पैसे लागत नाहीत. पैसेवाल्याने त्या दुकानात पन्नास व्हायोलिने घुसवली असती, आणि मला वडील आठवले नसते.

१९८९ मध्ये हा सिनेमा पुन्हा थिएटरांत लागला, नावाजला गेला. हार्वे मात्र तेव्हाच, रजा संपताच, कामावर रुजू झाला होता. दुसरा कथापट त्याने काढलाच नाही.

माझ्या खात्यावर सध्या सव्वीस दिवस रजा शिल्लक आहे. हिला अजून बोललो नाही.