न हललेली गाडी : ‘स्टेप्टो अँड सन’चा रूपबंध

दूरचित्रवाणीवरील मालिकात्मक विनोदिकेचा एक मूलभूत संकेत असा की, प्रत्येक भागाच्या अखेरीस परिस्थिती पूर्वपदावर यावी. पात्रे काही शिकत नाहीत, बदलत नाहीत; पुढच्या आठवड्यात ती पुन्हा तिथेच, तशीच उपलब्ध असतात. बहुसंख्य मालिकांत हा संकेत म्हणजे केवळ निर्मितीची सोय असते. रे गाल्टन आणि ॲलन सिम्प्सन यांच्या ‘स्टेप्टो अँड सन’ या बीबीसीच्या मालिकेत (1962-65, 1970-74) मात्र तो पात्रांची नियती होतो. या मालिकेचे श्रेष्ठत्व तिच्या संवादांतील चातुर्यापेक्षा या रूपांतरात शोधावे लागते.

लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातील ऑइल ड्रम लेनमध्ये घोडागाडीवरून भंगार गोळा करणारे अल्बर्ट आणि हॅरल्ड हे पितापुत्र राहतात. 5 जानेवारी 1962 रोजी प्रक्षेपित झालेली ‘द ऑफर’ ही मूळ एकांकी मालिकेची सुरुवात म्हणून लिहिलेलीच नव्हती. ‘कॉमेडी प्लेहाउस’ या मालेतील ते एक स्वतंत्र नाट्य होते. घर सोडण्याचा निश्चय केलेला हॅरल्ड आपले सामान गाडीवर लादतो; बाप घोडा द्यायला नकार देतो. हॅरल्ड स्वतःच गाडी ओढू पाहतो, पण ती हलत नाही. तो कोसळून रडू लागतो आणि म्हातारा त्याला हळुवारपणे घरात नेतो. पुढील आठ पर्वे हे एकच दृश्य निरनिराळ्या निमित्तांनी पुन्हा लिहीत राहतात.

या बंदिस्तपणामुळे समीक्षकांना बेकेट आणि पिंटर आठवणे स्वाभाविक आहे. तथापि ही तुलना एका मर्यादेपर्यंतच उपयुक्त ठरते. बेकेटची पात्रे का निघत नाहीत, याला भौतिक कारण नाही. हॅरल्डच्या बाबतीत ते आहे : घोडा, गाडी आणि पोट भरण्याचा एकमेव व्यवसाय. इतरांनी टाकून दिलेल्या वस्तूंवर हे घर उभे आहे. त्यात मानवी सांगाडा आहे, पेंढा भरलेले अस्वल आहे आणि फेकलेल्या बाटल्यांच्या तळाशी उरलेले मद्य गोळा करून हॅरल्डने सजवलेला संग्रहही आहे. त्याची अभिरुची, त्याची भाषा, त्याची राजकीय मतेदेखील अशीच वरच्या वर्गाच्या उतरंडीवरून खाली आलेली. त्यामुळे ही नियती पारलौकिक नाही. ती वर्गीय आहे.

मात्र केवळ वर्गीय स्पष्टीकरणही अपुरे पडते. 1972 मधील ‘डिव्हायडेड वी स्टँड’ या भागात हॅरल्ड घराच्या मधोमध भिंत घालतो आणि जाण्यायेण्यासाठी फिरते फाटक बसवतो. त्याच वर्षीच्या ‘द डेस्परेट अवर्स’मध्ये तुरुंगातून पळालेले दोन कैदी, एक तरुण आणि एक वृद्ध, या घरात शिरतात आणि यजमानांचे प्रतिबिंबच ठरतात. पहिल्या भागात सुटकेची कल्पना वाटणीपलीकडे जात नाही. दुसऱ्यात घर आणि तुरुंग यांतील अंतरच पुसले जाते. बाप अडवतो हे खरे, पण अडवणारा बाप हॅरल्डला हवाही असतो : तो नसता तर अपयशाचा धनी हॅरल्डला स्वतःच व्हावे लागले असते. प्रेम आणि सबब यांचा हा गुंता हॅरी एच. कॉर्बेट आणि विल्फ्रिड ब्रॅम्बेल पेलू शकले, कारण ते विदूषकी परंपरेतील नव्हे, तर रंगभूमीवरील नट होते. हशा ओसरल्यानंतरची शांतता ते भरू देत.

म्हणूनच 26 डिसेंबर 1974 रोजी प्रक्षेपित झालेला शेवटचा भाग अर्थपूर्ण ठरतो. नाताळच्या सहलीला निघताना हॅरल्डच्या पारपत्राची मुदत संपल्याचे निघते आणि बापाला एकट्यालाच परदेशी जावे लागते. खिन्न मुद्रेने परतणारा हॅरल्ड बाहेर वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या मोटारीत बसून निघून जातो. सारा बेत त्याचाच होता. सुटका एका सुट्टीपुरतीच आहे. पण पुढचा भाग नसल्यामुळे त्याला परत आणणारे कोणी उरत नाही. बारा वर्षे जे बापाने रोखले असे वाटत होते, ते रूपबंधानेही रोखले होते. आणि दर आठवड्याला त्याच घरात त्या दोघांना पाहू इच्छिणारा, त्यावर हसणारा प्रेक्षक या कैदेचा तिसरा भागीदार होता.