काळोखातला प्रकाश जातो कुठे?

मायकेल्सनच्या व्यतिकरणमापकाची आकृती आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वहीत काढलेली आहे. डावीकडून प्रकाशशलाका येते, अर्धवट चांदी चढवलेल्या तिरक्या आरशावर दुभंगते, दोन्ही भाग आपापल्या आरशांवरून परततात, एकत्र येतात आणि खाली डोळा. आमची तक्रार आहे ती या आकृतीत जे काढलेलंच नसतं त्याबद्दल.

पुस्तकं त्या तिरक्या आरशाला विभाजक म्हणतात आणि तिथेच थांबतात. पण परतीच्या वाटेवर तोच आरसा शलाका जोडतो, आणि जोडताना प्रत्येकीचे पुन्हा दोन भाग करतोच. म्हणजे बाहेर पडायला दारं दोन: एक डोळ्याकडे, दुसरं आल्या वाटेने परत दिव्याकडे. आम्ही पाहिलेल्या बहुतेक आकृत्यांत हे दुसरं दार नाही. मग एखादी मुलगी विचारते, सर, काळ्या पट्ट्यातली ऊर्जा गेली कुठे? उत्तर मिळतं, शेजारच्या उजळ पट्ट्यात. पट्टे असतील तेव्हा हे खपून जातं. पण लेसरची समांतर शलाका घ्या आणि आरसे नेमके बसवा: पट्टे उरत नाहीत, समोरचं सगळंच काळं करता येतं. आता शेजार कुठून आणायचा? आरसा प्रकाश शोषत नसेल, तर एका दाराशी जेवढा कमी तेवढाच दुसऱ्याशी जास्त. हिशेब तिथे जुळतो.

हा किस काढणं नव्हे. लायगोमध्ये प्रकाशमापकाकडचं दार मुद्दाम जवळजवळ काळं ठेवतात. जवळपास सगळा प्रकाश लेसरकडे परत निघतो. वाटेतला एक जादा आरसा त्याला पुन्हा आत ढकलतो. 2015 साली गुरुत्वीय लहर पहिल्यांदा सापडली तेव्हा लेसरकडून 20 वॅट येत होते आणि विभाजकावर 700 वॅट पडत होते. एका दाराच्या आकृतीवरून ही वाढ समजावून दाखवा बरं! आम्हाला तरी जमत नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियाच्या चार-चार किलोमीटरच्या भुजा उभ्या राहायच्या आहेत. ते बघायला जाणाऱ्या पोरांच्या वहीत दिव्याकडे परतणारा तो एक बाण तेवढा आधी काढून द्या.