मातृस्नेहाचें मोजमाप

बालमानसशास्त्रावरील ग्रंथ वाचतांना मनांत नेहमीं एक शंका उभी राहते. ज्याला अजून बोलतां येत नाहीं, त्या अर्भकाच्या अंतःकरणाविषयीं पंडित लोक इतक्या खात्रीनें लिहितात, ती खात्री त्यांस कोठून मिळाली? मेरी एन्सवर्थ या विदुषीच्या संशोधनाचा परामर्श घेतांना आम्हांस हाच प्रश्न प्रथम विचारावासा वाटतो. कारण आई व मूल यांच्या स्नेहबंधाविषयीं गेल्या अर्धशतकांत जें लिहिलें गेलें, त्यांतील बरेंचसें या एका बाईंच्या निरीक्षणांवर उभें आहे.

एन्सवर्थबाईंचा जन्म १९१३ सालीं अमेरिकेंत झाला, शिक्षण कॅनडांत टोरोंटो येथें झालें, आणि १९५० सालीं लंडन येथें जॉन बोल्बी यांच्या हाताखालीं त्यांस काम मिळालें. आईपासून दुरावलेल्या मुलांची दशा काय होते, याचा शोध बोल्बी त्या वेळीं घेत होते. पुढें पतीच्या नोकरीनिमित्त बाई युगांडांत गेल्या, आणि १९५४-५५ मध्यें कंपालाजवळील खेड्यांतून २६ कुटुंबांतील अंगावर पिणाऱ्या मुलांचें निरीक्षण त्यांनीं दुभाष्याच्या साहाय्यानें केलें. प्रयोगशाळा नाहीं, यंत्र नाहीं. ठराविक दिवशीं घरीं जावें, आईशीं बोलत बसावें, आणि मूल कोणाकडे रांगत जातें, कोण गेलें असतां रडतें, कोणाच्या कडेवर शांत होतें, हें टिपून घ्यावें, एवढाच क्रम. ज्या आया आपल्या बाळाच्या बारीकसारीक लकबी न विचारतां भरभरून सांगत, त्यांचीं मुलें बहुधा निःशंक वृत्तीचीं असत, असें त्यांस आढळून आलें. १९६७ सालीं निघालेल्या 'इन्फन्सी इन युगांडा' या ग्रंथांत हा वृत्तान्त आहे.

हेंच काम त्यांनीं पुढें अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं अधिक कसोशीनें केलें. येथेंही कुटुंबें २६ च. परंतु मुलाच्या पहिल्या महिन्यापासून वर्ष उलटेपर्यंत दर तीन आठवड्यांनीं भेट, आणि प्रत्येक भेट सुमारें चार तासांची. म्हणजे एकेका घरीं जवळजवळ ७२ तास बैठक झाली. चांगल्या आईचें लक्षण बाईंनीं लाडांत पाहिलें नाहीं कीं शिस्तींत पाहिलें नाहीं. मुलाची खूण ध्यानांत येणें, तिचा अर्थ बरोबर लागणें, आणि तिला वेळेवर व साजेसा प्रतिसाद देणें, या तीन गोष्टींत त्यांनीं तें पाहिलें. १९२८ सालीं जॉन वॉटसन यांनीं मुलांस कवटाळूं नये, त्यांचे मुके घेऊं नयेत, असा उपदेश आयांस केला होता. रडतांक्षणीं उचललें तर मूल रडण्यास सोकावतें, हा समज तर घरोघर आहेच. १९७२ सालीं सिल्व्हिया बेल व एन्सवर्थ यांनीं याच्या उलट निष्कर्ष मांडला: ज्यांच्या रडण्याची दाद लवकर घेतली गेली, तीं मुलें वर्षाच्या अखेरीस कमी रडत. या गणितावर इतर पंडितांनीं आक्षेप घेतले आहेत, तरी त्यामागील निरीक्षणाची चिकाटी कोणासही नाकारतां येणार नाहीं.

परंतु एन्सवर्थबाईंचें नांव जगभर झालें तें या ७२ तासांमुळें नव्हे. तें वीस मिनिटांच्या एका परीक्षेमुळें झालें. वर्षभराचें मूल आईसह एका अनोळखी खोलींत आणावयाचें. तेथें एक परकी बाई यावयाची. आईनें दोन वेळां निघून जाऊन दोन वेळां परत यावयाचें. आणि ती परतल्यावर मूल काय करतें तें पाहावयाचें. जें आईला बिलगून थोड्याच वेळांत खेळूं लागतें तें 'निःशंक', जें तिच्याकडे पाठ फिरवितें तें 'विमुख', आणि जें बिलगतें व झिडकारतेंही तें 'व्याकूळ'. १९७८ सालच्या 'पॅटर्न्स ऑफ अटॅचमेंट' या ग्रंथांत अशा १०६ मुलांचा हिशोब दिला आहे.

आमचा आक्षेप या परीक्षेच्या वापरास आहे. ती घरांतील निरीक्षणाचा पडताळा म्हणून जन्मास आली. पण घरीं जाणें खर्चाचें व कष्टाचें, परीक्षा सोपी. म्हणून मागून आलेल्या अनेकांनीं परीक्षा उचलली आणि घर सोडलें. जपानांत सापोरो येथें केलेल्या व १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ६० मुलांपैकीं विमुख एकही निघालें नाहीं व व्याकूळ मात्र सुमारें एक-तृतीयांश निघालीं. जीं मुलें आईवेगळीं क्वचितच राहतात, त्यांस ती खोली अधिक भयाण वाटली, एवढाच याचा सरळ अर्थ. जर्मनींतील बीलेफेल्ड येथें उलट निम्मीं मुलें विमुख ठरलीं. तेथें लहानपणींच स्वावलंबनाची अपेक्षा असते. १९८८ सालीं आठ देशांतील ३२ अभ्यास एकत्र पाहिले गेले, तेव्हां देशादेशांतील अंतरापेक्षां एकाच देशांतील निरनिराळ्या अभ्यासांमधील अंतर दीडपट मोठें निघालें. तेव्हां एखाद्या राष्ट्राच्या आयांवर शिक्का मारण्याची सोयही उरली नाहीं.

याहून महत्त्वाचा आंकडा १९९७ सालचा आहे. आईची जाण आणि मुलाचा स्नेहबंध यांचा संबंध बाल्टिमोरमध्यें फार घट्ट दिसला होता. पुढील अनेक अभ्यास एकत्र करतां तो ०.२४ भरला. पूर्ण संबंध १ मानला तर हा संबंध खरा, पण माफक आहे. आईच्या वागण्यास महत्त्व आहे. परंतु मुलाचें सारें भवितव्य तिच्या एकटीच्या माथीं मारण्यास या संशोधनाचा आधार नाहीं. नोकरी करणाऱ्या किंवा आजारानें खचलेल्या आईस शास्त्राच्या नांवानें अपराधी ठरविणारे उपदेशक हा आंकडा सोयीस्करपणें विसरतात.

आणखी एक उणीव आम्हांस जाणवते. युगांडांतील मुलें आईखेरीज बापास, आजीस व घरांतील इतरांसही लळा लावून होतीं, हें स्वतः बाईंनींच नोंदलें आहे. बाल्टिमोरच्या त्या खोलींत मात्र आई, मूल व परकी बाई एवढींच उरलीं. बाकीचें कुटुंब दाराबाहेर राहिलें. आजीच्या मांडीवर व काकूच्या कडेवर वाढलेल्या मुलांचीं घरें आमच्याकडे अद्याप पुष्कळ आहेत, आणि अशा घराची परीक्षा त्या खोलींत कशी व्हावी, याचें उत्तर १९७८ च्या ग्रंथांत मिळत नाहीं. तें युगांडाच्या ग्रंथांत मिळण्याजोगें होतें, पण तो वाचला कमी जातो.

एन्सवर्थबाई १९९९ सालीं निवर्तल्या. त्यांच्या परीक्षेचें नांव पाठ्यपुस्तकांत राहीलच. परंतु आईबापांस त्यांच्याकडून घेण्यासारखें आहे तें त्या तीन नांवांचें कोष्टक नव्हे, तर मुलापाशीं स्वस्थ बसून त्याची खूण ओळखण्याची त्यांची रीत होय. ज्यांस त्यांचा एकच ग्रंथ वाचावयाचा असेल, त्यांनीं युगांडाचा वाचावा, अशी आमची शिफारस आहे.