आकियोशी–टॅबॅकिन वाद्यवृंद
आकियोशी–टॅबॅकिन वाद्यवृंद : जपानच्या नो नाट्यातील तालवाद्ये व गायन यांना जॅझ वृंदवादनात स्थान देणारा प्रयोगशील वाद्यवृंद (१९७३–२००३). पियानोवादक, संगीतरचनाकार व संचालक तोशिको आकियोशी (जन्म १२ डिसेंबर १९२९) आणि तिचा पती, टेनर सॅक्सोफोन व बासरीवादक ल्यू टॅबॅकिन (जन्म १९४०) यांनी तो लॉस अँजेल्स येथे उभारला. चार ट्रंपेटे, चार ट्राँबोने, पाच सॅक्सोफोन आणि पियानो, बास व ड्रम हा त्याचा घाट जॅझमधील रूढ मोठ्या वृंदाचाच होता. वादकही बहुतेक अमेरिकन, व चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या कलागृहांत काम करणारे. परंतु रचना जवळजवळ सर्व आकियोशीच्या आणि आरंभीची ध्वनिमुद्रणे जपानमधील कंपनीसाठी झालेली. त्यामुळे ह्या वृंदाचा विचार जपानी जॅझच्या संदर्भातच करणे इष्ट ठरते.

आकियोशीचा जन्म मँचुरियातील ल्याओयांग येथे झाला. युद्धात जपानचा पराभव झाल्यानंतर १९४६मध्ये तिचे कुटुंब सर्वस्व गमावून मायदेशी परतले व बेप्पू येथे राहू लागले. तेथे अमेरिकन सैनिकांसाठी चालणाऱ्या नृत्यगृहात पियानो वाजविण्याचे काम तिने पतकरले. जॅझशी तिचा परिचय झाला तो असा. १९५३मध्ये जपानच्या दौऱ्यावर आलेल्या ऑस्कर पीटरसनने तिचे वादन ऐकले आणि त्याच्या शिफारशीवरून निर्माता नॉर्मन ग्रँट्झ याने तिचे ध्वनिमुद्रण केले. १९५६मध्ये ती बॉस्टनच्या बर्कली विद्यालयात दाखल झाली. जपानी आणि त्यातून स्त्री, ह्या दुहेरी नवलाईमुळे प्रारंभी तिला प्रसिद्धी भरपूर मिळाली, पण ती नवलाईचीच होती. पुढची कित्येक वर्षे तिला कामासाठी झगडावे लागले. १९६२मध्ये चार्ल्स मिंगसच्या वृंदात तिने काही काळ पियानोवादन केले; मिंगसच्या सामाजिक आशयाच्या रचनांचा ठसा तिच्या उत्तरकालीन कार्यावर स्पष्ट दिसतो.

तिच्या रचना जपानी परंपरेकडे का वळल्या, याची एक हकिगत वारंवार सांगितली जाते. ड्यूक एलिंग्टनच्या निधनानंतर (२४ मे १९७४) नॅट हेंटॉफने लिहिलेल्या लेखात एलिंग्टनला आपल्या वंशाचा व वारशाचा किती अभिमान होता हे तिने वाचले आणि आपणही आपल्या वारशाकडे वळले पाहिजे, असे तिला वाटले. हकिगत खरी असली, तरी ती पुरेशी नाही. कारण ज्या ‘कोगुन’ या रचनेपासून हे वळण मानले जाते, तिचे ध्वनिमुद्रण एप्रिल १९७४मध्येच झाले होते. किंबहुना ‘किसाराझु जिंकु’ हे जपानी लोकगीत तिने १९६१मध्येच जॅझमध्ये आणले होते. एलिंग्टनच्या उदाहरणाने तिला दिशा दिली असे म्हणण्यापेक्षा, स्वतः धरलेल्या दिशेला त्यामुळे आधार मिळाला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

‘कोगुन’ म्हणजे एकाकी पडून लढणारी सेना. दुसरे महायुद्ध संपल्याचे मान्य न करता फिलिपीन्सच्या लुबांग बेटावर सु. तीस वर्षे लपून राहिलेला जपानी सैनिक हिरो ओनोदा मार्च १९७४मध्ये शरण आला. ही रचना त्याच्यावरून सुचलेली आहे. तीत नो नाट्यातील त्सुझुमी ह्या तालवाद्याचे वादन ध्वनिफितीवरून ऐकविले जाते आणि त्याला छेदून टॅबॅकिनची बासरी व वृंदाचे दीर्घ स्वरमेळ येतात. टॅबॅकिनने बासरीत श्वासाचा खरखरीत नाद व मींडयुक्त स्वर आणून शाकुहाची ह्या बांबूच्या बासरीचा भास निर्माण केला आहे.

येथे एक मूलभूत अडचण लक्षात घेतली पाहिजे. जॅझच्या झुलत्या ठेक्यात मात्रा सम अंतराने चालतात. वादक त्यांच्या पुढे-मागे खेळतो, पण मात्रा मोडत नाही. नो संगीतात मात्रा आठ असल्या, तरी त्यांमधील अंतर ताणले अथवा आकसले जाते. एका वादकाच्या खांद्यावरील लहान त्सुझुमी आणि दुसऱ्याच्या मांडीवरील मोठा त्सुझुमी यांच्या आघातांमधील मोकळ्या जागेला जपानी भाषेत ‘मा’ म्हणतात. ही जागा वादक आरोळ्या देऊन परस्परांना सुचवितात. आपल्याकडील विलंबित ख्यालाशी याची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु ख्यालात लय कितीही संथ असली, तरी ठेका तिचे मोजमाप राखून असतो. नो वादनात ते मोजमापच दोन वादकांमध्ये क्षणोक्षणी ठरते. अशा वादनाला ध्वनिफितीत बांधले, की त्याचा प्राण असलेला परस्परसंवाद थांबतो. फीत ऐकविते, पण ऐकत नाही. ‘कोगुन’मध्ये त्यामुळे दोन संगीतांचा मिलाफ होत नाही, ती एकमेकांशेजारी उभी राहतात. हा दोष म्हणता येईल. मात्र जग पुढे गेल्याचे ज्याला कळलेच नाही अशा सैनिकाच्या कथेला हा विसंवाद शोभतो, आणि आकियोशीने तो झाकण्याचा प्रयत्नही केलेला नाही. १९६७च्या न्यूपोर्ट महोत्सवात नोबुओ हारा याच्या जपानी वृंदाने होझान यामामोतो याच्या शाकुहाचीला जॅझची साथ दिली होती. तेथे वाद्य जपानी असले, तरी वादनाचा काल जॅझचा होता. आकियोशीने कालाचाच प्रश्न उपस्थित केला.

‘लाँग यलो रोड’ (१९७५) व ‘टेल्स ऑफ अ कोर्टिझन’ (१९७६) ह्या पुढील ध्वनिमुद्रिकांत वृंदाची कारागिरी अधिक सफाईदार झाली. सॅक्सोफोनवादकांना बासऱ्या व क्लॅरिनेटे देऊन पाच सुषिर वाद्यांचे जे दाट, सरकते स्वरपुंज ती रचते, ते तिच्या शैलीचे सर्वांत ओळखीचे लक्षण होय.

तथापि वृंदाची श्रेष्ठ रचना ‘मिनामाता’ हीच होय. ‘इन्साइट्स’ (टोकिओ, १९७६) ह्या ध्वनिमुद्रिकेतील ही तीन भागांची रचना सु. एकवीस मिनिटांची आहे. कूमामोटो प्रांतातील मिनामाता येथे चिस्सो कंपनीच्या कारखान्याने उपसागरात सोडलेल्या पाऱ्याच्या संयुगांमुळे मासे व ते खाणारे कोळी विषबाधित झाले. हा रोग १९५६मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. त्याचे कारण सरकारने मान्य करण्यास १९६८ साल उजाडावे लागले. रचनेच्या आरंभी आकियोशीची कन्या मिचिरू हिचा निर्व्याज बालकंठ गावाची ओळख करून देतो. दुसऱ्या भागात समृद्धी येते ती द्रुत, झुलत्या जॅझच्या रूपाने. विख्यात नो नट हिसाओ कान्झे याचे पठणगायन रचनेला शोकनाट्याची खोली देते.

ह्या दुसऱ्या भागावर एक आक्षेप संभवतो : विनाशाचे वर्णन इतके रंजक असावे काय ? वादन उत्तम आहे, श्रोता ठेका धरतो, आणि ज्यांचे हातपाय वळले त्यांचा त्याला विसर पडतो. प्रस्तुत लेखकाच्या मते रचनेचे सामर्थ्य नेमके येथेच आहे. समृद्धी हवीहवीशी वाटली म्हणूनच तिच्या मागील विष दुर्लक्षिले गेले. श्रोत्यालाही त्या मोहात ओढल्याखेरीज नंतरचा नो स्वर त्याला भेदू शकला नसता. ‘कोगुन’मध्ये नुसते शेजारी असलेले दोन काल येथे एकमेकांचा न्याय करतात. जॅझ हा उद्योगयुगाचा काल आणि नो हा मृतांच्या स्मरणाचा, ही वाटणी आकियोशीने आपल्याच आवडत्या संगीताला आरोपीच्या जागी बसवून केली आहे.

१९८०नंतरच्या दशकाच्या आरंभी हे दांपत्य न्यूयॉर्कला गेले आणि तेथील वादक घेऊन वृंद नव्याने बांधण्यात आला. नावही ‘तोशिको आकियोशी जॅझ ऑर्केस्ट्रा’ असे झाले. ह्या काळातील वादन निर्दोष असले, तरी पूर्वीची जोखीम त्यात क्वचितच आढळते. अपवाद ‘हिरोशिमा : रायझिंग फ्रॉम द अ‍ॅबिस’ ह्या रचनेचा, तिचा पहिला प्रयोग हिरोशिमा येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी झाला. अणुबाँबमधून वाचलेल्यांचे अनुभव तीत वाचून दाखविले जातात. मात्र शब्दांचे साहाय्य वाढले, तसतसे संगीताकडे उरलेले काम कमी झाले, असे ‘मिनामाता’च्या तुलनेत जाणवते.

आकियोशीला ग्रॅमी पुरस्कारासाठी १४ नामांकने मिळाली, पण पुरस्कार एकदाही नाही. २००७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने तिला ‘जॅझ मास्टर’ हा सन्मान दिला. तोवर वृंद राहिला नव्हता : १७ ऑक्टोबर २००३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये अखेरचा कार्यक्रम करून तिने तो विसर्जित केला आणि जेथून आरंभ केला होता त्या पियानोकडे ती परतली.