अराज्यवाद आणि अभिलेख : आचार्य-लोटवाला यांच्या निमित्ताने

एम. पी. टी. आचार्य हे नाव मराठी वाचकाला भेटते ते बहुधा सावरकरविषयक ग्रंथांत, लंडनच्या इंडिया हाउसमधील एक सहकारी म्हणून. पक्षेतिहासात ते ताश्कंद येथे १९२० साली स्थापन झालेल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष असतात आणि पुढल्याच प्रकरणात अंतर्धान पावतात. वस्तुतः १९२२ नंतर ते अराज्यवादी झाले, १९३५ मध्ये मुंबईस परतले आणि १९५४ मध्ये येथेच निवर्तले. या तीन दशकांचा इतिहास मराठीत जवळजवळ लिहिलाच गेला नाही. याचे कारण इतिहासकारांच्या उदासीनतेत शोधण्यापूर्वी कागदपत्रांच्या व्यवस्थेत शोधावे लागेल.

वसाहतीच्या शासनाने 'अराजक' हा शब्द गुन्ह्याच्या कोटीत घातला. १९१९ च्या रौलट कायद्याच्या अधिकृत नावातच अराजकी आणि क्रांतिकारी गुन्हे एकत्र नांदतात. परिणामी गुप्तवार्ता विभागाच्या नस्तींत बाँब करणारा राष्ट्रवादी आणि राज्यसंस्थाच नाकारणारा विचारवंत एकाच शीर्षाखाली बांधले गेले. अभ्यासक त्या शीर्षासह नस्ती उघडतो. पोलिसाने व्यक्तीच्या हालचाली जपल्या. तिचा युक्तिवाद टिपण्याचे त्याला प्रयोजन नव्हते. आपल्या भाषेनेही येथे शासनाचीच री ओढली. 'अराजक' म्हणजे अंदाधुंदी, हा अर्थ इतका रुळला की विचारसरणीसाठी 'अराज्यवाद' असा वेगळा शब्द योजावा लागतो.

आचार्यांच्या आठवणी पुण्याच्या 'मराठा' साप्ताहिकात १९३७ साली आल्या. परंतु त्यांतील वजन पूर्वायुष्यातील क्रांतिकार्यावर आहे. अराज्यवादी आचार्य पाहायचे तर ॲम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेत, बर्कमन यांच्या संग्रहातील पत्रव्यवहारात शोधावे लागतात. ही संस्था १९३५ चीच. मॅक्स नेटलाऊ यांचा प्रचंड संग्रह तिने मिळवला आणि युरोपीय अराज्यवादाला स्मृती लाभली. रबाळ्यात बसलेल्या वाचकाला वाळकेश्वर जवळ आहे, पण वाळकेश्वरी राहिलेल्या या माणसाची पत्रे सातासमुद्रापार आहेत! २०१९ मध्ये त्यांचे निवडक लेख ग्रंथरूपाने आले, तेही इंग्रजीत आणि परदेशी प्रकाशकाकडून.

रणछोडदास लोटवाला यांची गत अधिक बोधप्रद आहे. डांगे यांच्या 'सोशलिस्ट'ला (१९२२) त्यांचे साहाय्य होते. त्यांचा ग्रंथसंग्रह डांग्यांना उपयोगी पडला. म्हणून साम्यवादी इतिहासात ते आश्रयदाते शेठ. पुढे त्यांच्या प्रेरणेने चाललेल्या संस्थेने 'लिबर्टेरियन' हे विशेषण धारण केले आणि आचार्य तिच्याशी निगडित राहिले. त्याच परंपरेतील 'इंडियन लिबर्टेरियन' हे नियतकालिक १९५० च्या दशकात खुल्या अर्थव्यवस्थेकडे झुकले. आज त्याचे अंक उदारमतवाद्यांच्या अंकीय संग्रहात सहज मिळतात. या सुलभतेबद्दल कृतज्ञ असावेच; मात्र त्या चौकटीतून वाचणाऱ्यास आरंभीचा समाजवादी आशय एखाद्या बालिश टप्प्यासारखा भासतो. तसे मानण्यास मला आधार दिसत नाही.

ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात अराज्यवादाला दोन जागा आहेत : राजकीय विचारप्रणाली म्हणून ३२०.५७ आणि समाजवादाच्या पोटात ३३५.८३. ग्रंथपाल कोणता क्रमांक देतो, यावर तो ग्रंथ कोणाशेजारी उभा राहील हे ठरते. विनोबांचे 'स्वराज्यशास्त्र' तर आपल्याकडे गांधीविचाराच्या कपाटातच ठेवले जाते. राज्यमुक्त समाजाची त्यांची कल्पना आणि आचार्यांचे लेखन एका मेजावर ठेवून वाचण्याचे काम मराठी समीक्षेपुढे अद्याप तसेच पडून आहे.