दोमियेचें एक शिळाचित्र

ज्या शिळाप्रेसवर आपल्या वाडवडिलांच्या पोथ्या व पंचांगें निघालीं, त्याच छापकलेवर ओनोरे दोमिये (१८०८–१८७९) या फ्रेंच चित्रकाराचा बहुतेक लौकिक उभा आहे. हंशा पिकविणारा व्यंगचित्रकार अशी त्याची ओळख करून देण्यांत येते. 'त्रान्सनोनें रस्ता, १५ एप्रिल १८३४' या चित्रापुढें ती ओळख निरुपयोगी ठरते.

प्रसंग असा : लुई फिलिपच्या अमदानींत पॅरिसमध्यें दंगा उसळला असतां, या रस्त्यावरील एका घरांतून गोळी सुटली अशा समजुतीनें सैनिक आंत घुसले व त्यांनीं निरपराध बिऱ्हाडकरूंची कत्तल केली. चित्रांत मात्र सैनिक नाहींत, बंदूक नाहीं, धूर नाहीं. बिछान्यावरून घसरलेला, रात्रीच्या सदऱ्यांतील एक पुरुष आहे. त्याच्या देहाखालीं एक मूल चिरडलें आहे, आणि तें पहिल्या दृष्टिक्षेपांत ध्यानांतहि येत नाहीं. डावीकडे काळोखांत एक स्त्री. उजवीकडे म्हाताऱ्याचें डोकें, चित्राच्या कडेनें तोडलेलें. पंचनाम्यास आलेल्या पंचासारखे आपण एकेक प्रेत मोजूं लागतों. आमच्या मतें चित्राचें सारें सामर्थ्य या विलंबांत आहे.

सदऱ्याचें तें पांढरेपण रंगाचें नव्हे. दगडावर स्निग्ध खडूनें रेखाटावयाचें, मग दगड ओला करून शाई फिरवावयाची. ओला भाग शाई झिडकारतो, खडूची रेघ ती धरते. खडू जेथें लागला नाहीं तेथें कोरा कागद उरतो, आणि तो कोरा कागदच येथें प्रकाश झाला आहे.

अशा चित्रांस 'वर्तमानपत्री' म्हणून नाक मुरडणारे रसिक आमच्यांतहि आहेत. फिलिपाँ या प्रकाशकाच्या पत्रावर बसणारे दंड भागविण्यासाठीं, वर्गणीदारांकरितां हें चित्र निघालें, हें खरें. म्हाताऱ्याचें तें डोकें थोडें मुद्दाम मांडल्यासारखें वाटतें, हेंहि आम्ही मान्य करूं. परंतु चित्राखालीं निंदेचा एक शब्द नाहीं. केवळ रस्त्याचें नांव आणि तारीख. सरकारास तेवढेंच असह्य झालें. पोलिसांनीं दगड व हातीं लागलेल्या प्रती जप्त केल्या. वांचलेल्या कांहीं प्रती आज संग्रहालयांतून आहेत. तेथें जाण्याचा योग आल्यास वाचकांनीं प्रथम डावीकडील काळोखांत पाहावें.