सावली बांधणारे कानविंदे

दिवाळीच्या तोंडावर आपण भिंतीचा रंग हौसेने ठरवतो. भिंत मुळात कुठे असावी, हा प्रश्न मात्र क्वचितच मनात येतो. तो प्रश्न आयुष्यभर विचारणारा एक मराठी माणूस म्हणजे अच्युत कानविंदे. कोकणातल्या आचऱ्याला १९१६ साली त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे.मध्ये ते वास्तुकला शिकले, सरकारने १९४५ मध्ये हार्वर्डला पाठवले तेव्हा वॉल्टर ग्रोपियस या थोर जर्मन गुरूच्या हाताखाली बसले, आणि पुढे १९५५ साली शौकत राय यांच्यासह त्यांनी दिल्लीत ‘कानविंदे आणि राय’ ही पेढी काढली.

सोलापूरकराने या कर्तृत्वाकडे कापडाच्या वाटेने जावे, हे बरे. अहमदाबादची वस्त्रोद्योग संशोधन संस्था ‘अटिरा’ ही कानविंद्यांची पहिली गाजलेली इमारत, पेढी निघण्यापूर्वीची. सरळ रेषा, नक्षीला पूर्ण फाटा. मला ती हुशार विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेसारखी वाटते : उत्तर बिनचूक, पण अक्षर गुरूचे.

स्वतःचे अक्षर उमटले ते कानपूरच्या आयआयटीत, १९६० नंतरच्या दशकात. काँक्रीटचा सांगाडा उघडाच ठेवला, मध्ये विटा भरल्या, आणि इमारती आच्छादित वाटांनी एकमेकींना जोडल्या. उन्हाळ्यातल्या भर दुपारी विद्यार्थ्याने एका वर्गातून दुसऱ्या वर्गात सावलीतून जावे, ही काळजी त्या आराखड्यात आहे. म्हणजे इथे नुसत्या खोल्या बांधल्या नाहीत, सावलीही बांधली. पुढे १९७० नंतर मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत तर छपरावर हवा खेळवणारे उंच मनोरेच उभे राहिले, आणि तेच त्या कारखान्याचे रूप ठरले. आमच्या माळवदाच्या घरातले सवणे आठवा. धूर वर जावा, उजेड खाली यावा, एवढेच त्याचे काम. मेहसाण्याचे मनोरे मला त्या सवण्याचे थोरले भाऊ वाटतात.

तथापि नुसते कौतुक करून भागणार नाही. उघडे काँक्रीट पावसाने काळवंडते, उन्हाने तापते; त्याची निगा राखायला मोठ्या संस्थेचा पैसा लागतो. आणि या पेढीचे नाव झाले ते विद्यापीठे, प्रयोगशाळा, डेअऱ्या यांच्यामुळे. दोन खोल्यांत संसार करणाऱ्या माणसापर्यंत ही विद्या फारशी पोचली नाही. १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली, २००२ मध्ये कानविंदे गेले. हा हिशेब मात्र बाकीच राहिला.

सोलापुरात तो आज टाळता येत नाही. कुंभारीच्या रे नगरात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची वसाहत ठरली आणि त्यातली पहिली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या हाती आली. विडी वळणाऱ्या बाईला स्वतःचे दार मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. पण घर म्हणजे केवळ दार नव्हे. शेजारणी दुपारी टेकतील अशी सावलीची जागा, वारा आरपार जाईल अशा समोरासमोरच्या खिडक्या, तापलेल्या स्लॅबवर काही तोड, हे मागणे चैनीचे नाही. माळवदाच्या जाड मातीने ते गरिबालाही दिले होते.

म्हणून नव्या इमारतीची परीक्षा मी दर्शनी काचेवरून करीत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता वीज गेल्यावर आत माणूस बसू शकतो का, एवढेच पाहतो. कानविंद्यांच्या पेढीने हा प्रश्न मोठ्या संस्थांसाठी सोडवून दाखवला. लहान घरासाठी तो सोडवणे आपल्याकडे आहे.